मोटारीचं सोवळं

मालवणकडच्या माणसाने लहानपणाबद्दल लिहायला घेतलं, की वाचणारा आधी नाक पुढे करून बसतो. आता तिरफळाचा वास येणार, मग समुद्र गाजणार, मग पिंपळावरून एखादं भूत उतरणार आणि शेवटी कोणीतरी म्हातारी हापूस कापून हातावर ठेवणार. बसा वाट बघत. माझ्याकडे हे सगळं होतं, अगदी भूतसुद्धा होतं, पण त्याच्याकडे बघायला मला सवड नव्हती, कारण मी मोटार पुसत होतो. आता मोटार म्हटल्यावर तुमचा चेहरा बदलला असणार. पोरगा श्रीमंताघरचा दिसतो, वेंगुर्ल्याच्या बंदरावर वारा खात फिरल्याचं वर्णन येईल. तेही नाही. आमची मोटार फिरायची नव्हती. ती पुसायची होती. जगात लोक मोटार कुठे जायला ठेवतात. आम्ही ती कुठे जाऊ नये म्हणून ठेवली होती.

मोटार माझ्या मोठ्या काकांची. त्यांना घरात आणि गावात भाऊच म्हणत. भाऊंनी उमेदीची सगळी वर्षं मुंबईत एका शेटची गाडी चालवण्यात घालवली. शेट गेला, त्याच्या मुलांना नवी गाडी हवी होती, आणि जुनी काळी शेटाणीने भाऊंना देऊन टाकली. भाऊंनी ती एकट्याने घाट उतरवून, खाड्यांवर तरीत चढवून, गावी आणली. माझे आईबाप मुंबईतच होते, पण त्यांच्या खोलीत मी आडवा पडलो की बाकीच्यांना उभं राहावं लागे, म्हणून मला शाळेसाठी गावी भाऊ आणि काकीकडे ठेवलेलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी होतो, पण मी काय, पुतण्या. मोटार मात्र आली ती थेट पोटची होऊनच आली.

तिच्यासाठी गोठा रिकामा झाला. जमीन चोपून घेतली, वर माडाची नवी चुडतं घातली, भिंतीच्या फटी शेणामातीने बुजवल्या, आणि गाय गेली फणसाखाली. ती बिचारी कितीतरी दिवस संध्याकाळी रानातून आली की सवयीने गोठ्याच्या दारात उभी राहायची, आत काळं काहीतरी बसलेलं बघायची आणि मान खाली घालून परत जायची. दूध कमी केलं तिने. भाऊ म्हणाले, "वारो लागलो आसतलो." काकी चुलीपाशी बसून म्हणाली, "वारो नाय. सवत इली." गायीबद्दल म्हणाली की स्वतःबद्दल, ते मला तेव्हा कळलं नाही. भाऊंना अजून कळलं नसेल, वर बसून विचार करत असतील.

मोटार धुण्याचा विधी रोजचा. विधीच म्हणतो, कारण देवपूजेला भाऊ जेवढा वेळ देत त्यात मोटारीचं एक चाक झालं नसतं. काकीने बावीवरून पाणी काढायचं. ते कळशीच्या तोंडावर कापड बांधून गाळायचं, कारण आमच्या बावीच्या पाण्यात बारीक रेव येते आणि एक कण जरी फडक्यात अडकला तरी रंगावर चरा. रिठे रात्रभर भिजत घालून त्यांचा फेस काढायचा. मग टपापासून सुरुवात, वरून खाली, कधीही खालून वर नाही. फडकं जमिनीवर पडलं की ते बाटलं. ते पुन्हा मोटारीला लावायचं नाही. कोरडी धूळ हाताने झटकायची नाही, आधी पाणी सोडून ती वाहू द्यायची. आणि सगळ्यात मोठा नियम: पुसायचं सरळ. गोल हात फिरवला की भाऊंचा आवाज आलाच. "गजा! गोल नको! सरळ! मोटार पुसतंस काय घावण्याचा पीठ फिरवतंस?"

कारण भोवरे. हा भाऊंचा शब्द. काळ्या रंगावर गोल पुसत राहिलं, की इतके बारीक चरे पडतात की सावलीत काहीच दिसत नाही, पण ऊन तिरकं झालं की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल गोल वर्तुळं उमटतात. पांढऱ्या मोटारीची पापं झाकली जातात, काळीची सगळी दिसतात, असं भाऊ म्हणत. रोज ऊन उतरायला लागलं की ते मोटार गोठ्याबाहेर ढकलून आणायला लावत, उकिडवे बसत, एक डोळा मिटत आणि बॉनेटवरून नजर टाकत. मी बाजूला उभा, निकालाची वाट बघत. एकदा मी म्हटलं, "भाऊ, भोवरे सूर्याकच आसत. मोटार फकस्त दाखयता." त्यांनी मला फडकं फेकून मारलं. मारलेलं फडकं खाली पडलं, म्हणून ते बाटलं, म्हणून त्याबद्दल आणखी एक शिवी.

हल्ली माझ्या पुतण्याचा पोरगा पुण्याहून येतो, त्याची गाडीही काळीच. डिकीत त्याच्या सात प्रकारच्या बाटल्या आणि मऊ फडक्यांची चळत. परवा मी नुसता टेकलो तर म्हणाला, "आजोबा, प्लीज, सदऱ्याची बटणं." मी टेकलेलाच राहिलो. म्हटलं, बाळा, ह्या आजाराची आमच्या घरात तुझ्या बापाच्या जन्माआधीपासून सेवा चालू आहे.

आणि फडकी कुठून यायची? काकीच्या लुगड्यांतून. नवं कापड खरखरीत, चालत नाही. वर्षानुवर्षं अंगावर वापरून, धुवून, विरून लोण्यासारखं झालेलं लुगडंच पाहिजे. बायका अशी लुगडी जपून ठेवतात, त्यांची गोधडी शिवतात, कोणाच्या तान्ह्याला दुपटं देतात. काकीची सगळी मोटारीकडे गेली. उरलेल्या तुकड्यांचं भाऊंनी मोटारीवर घालायला पांघरूण शिवून घेतलं. थंडीत आम्ही घोंगडीत कुडकुडायचो आणि मोटार काकीच्या तारुण्यातली सगळी लुगडी एकावर एक नेसून गोठ्यात ऊब घेत बसायची.

मी नकला करायचो. आता त्यात मोठेपणा काय सांगू, माकडही करतं, पण मला ते बरं जमायचं. शाळेतल्या मास्तरांचं शिंकणं, एस.टी.च्या कंडक्टरचं घंटा ओढणं, आणि सगळ्यात भारी म्हणजे आमचा तातू घाडी. घाडी म्हणजे गावाच्या वतीने देवासमोर गाऱ्हाणं घालणारा. तातूचा आवाज बेंबीपासून निघायचा आणि नाकात येऊन थांबायचा. प्रत्येक वाक्याला जमलेल्या माणसांनी हात जोडून "व्हय म्हाराजा" म्हणायचं असतं. आमच्या माणसाला ते इतकं अंगवळणी पडलेलं, की मी देवळाच्या मागे उभा राहून तातूच्या आवाजात शेजाऱ्याच्या कोंबडीबद्दल काही बोललो तरी ओटीवर झोपलेला म्हातारा झोपेतच "व्हय म्हाराजा" म्हणायचा. काकी माझं मोठं गिऱ्हाईक. ती खोबरं खवायला बसली की मी तिच्यासमोर भाऊ करायचो: मान ताठ, खालचा ओठ पुढे, एक डोळा मिटलेला. ती पदर तोंडात कोंबून हसायची, इतकी की खोबरं बाजूला सांडायचं, मग म्हणायची, "पुरे. गेले खंय बघ. ऐकतीत." आणि पेजेबरोबर एक तळलेला पेडवा जास्त मिळायचा.

ती एकदाच मला म्हणाली, भाऊंबद्दल. शेटने म्हणे एकदा दारावरच्या एका चऱ्यासाठी भाऊंच्या तोंडात मारली होती, रस्त्यावर, चार माणसांसमोर. चरा भाऊंनी पाडलाच नव्हता. मी तेव्हा विचारलं, "मगे आता कोण मारूचो आसा?" काकी म्हणाली, "आता शेट नाय, म्हणान तेच शेट." आणि पुन्हा खोबरं खवायला लागली.

गावाने मोटारीला आपापल्या परीने औषधं सुचवली. कोणी म्हणालं खोबरेल चोळा, कोणी म्हणालं चिंच आणि राख, समईसारखी लख्ख निघेल. ते ऐकून भाऊंना दोन घास कमी गेले. मासे विकायला यायची ती जनाबाय. तिने टोपली उतरवण्याआधी सहज हात मोटारीवर टेकला, तर भाऊ पडवीतून असे धावले की धोतर मागे राहिलं.

"हात काढ! तुझ्या हाताक खवलां आसत!"

"खवलां आसत म्हणान तर तुमच्या ताटात मासो आसा, भाऊनु," जनाबाय म्हणाली. हात तिने सावकाश काढला. "ही मोटार आसा काय हळदीची नवी व्हकाल? व्हकलेकसुद्धा पाच दिसांनी कोण तरी चुलीकडे धाडता."

"रंग बघ कसो आसा. आरसो. एक चरो नाय."

"आमी होडयेक डांबर फासतो. काळ्यार काळा. चरो पडलो तर देवाकसुद्धा दिसाचो नाय. पण होडी जाता खंय तरी."

मग गाऱ्हाण्याच्या सुरात तिने पेडवे मोजायला घेतले आणि काकी आत तोंड फिरवून हसली.

पण काकीला लवकरच हसू येईनासं झालं. रिठ्याचा फेस मोटारीवरून उतरून बावीच्या पायरीपर्यंत वाहत जायचा, त्यावरून ती भरल्या कळशीसकट घसरली. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. भाऊंनी वैद्य आणला, लेप लावला, दोन दिवस पाणी स्वतः काढलं, तिसऱ्या दिवसापासून मी काढायला लागलो. तिच्या गुडघ्यासाठी मी खलबत्त्यात पाला वाटत होतो, तेव्हाच मसुऱ्याहून, तिच्या माहेराहून, भावाचा निरोप आला. बाजाराला आलेला माणूस पडवीत बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "आयेची नजर गेली, वैनी. अंथरुणार आसा. रोज सकाळी विचारता, माझा चेडू इला काय, लेक इली काय म्हणान."

काकीने फक्त "बरा" म्हटलं. पण त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट होतं.

मसुरं काही विलायतेत नाही. पण एस.टी. उतरवायची तिथून तिच्या माहेरची वाडी चालत चांगली लांब, आणि ह्या गुडघ्यावर ती बावीपर्यंतही जात नव्हती. बैलगाडी गावात होती, तातू घाड्याची. मी विचारायला गेलो, तर त्याने बैलांच्या अंगावरून हात फिरवत मला सांगितलं, "तुमच्या दारात मोटार आसताना वैनी माझ्या गाडयेत बसान गेली तर लोक माका काय म्हणतले? भाऊंची अब्रू खंय जायत?" म्हणजे पाहा. मोटार नसती तर काकी कधीच पोचली असती. मोटारीमुळेच ती अडकली होती.

मग रोज रात्री जेवताना तोच विषय. काकी ताट वाढायची आणि भिंतीशी बोलावं तसं म्हणायची, "आयेक बघूक व्हया होता." भाऊ घास गिळून कारण सांगायचे. एकदा रस्त्यावर नवी खडी टाकलेली, ती चाकाखालून उडते. एकदा जत्रेच्या गाड्या सुरू होत्या, धुरळा बसू दे. एकदा करवंदीच्या जाळ्या रस्त्यावर आल्यात, दोन्ही बाजूंनी काटे. एकदा तर म्हणाले, उन्हाचा रंग नरम होतो, त्यावर काही घासलं तर खोल जातं.

काकी म्हणाली, "बरा. आयेक सांगान धाडतंय, रस्तो बरो होयसर मरां नको."

त्या रात्री भाऊंनी दुसरी वाढ घेतली नाही. सकाळी उठून मला कोयता दिला आणि म्हणाले, "गजा, जा. मसुऱ्याच्या वाटेर जितकी करवंद आडवी इली आसा तितकी तोडून ये." मी गेलो. आयुष्यात पुष्कळ विचित्र कामं केली, पण मोटारीचा रंग ओरबाडू नये म्हणून रानाची हजामत करायचं काम दुसऱ्या कोणी केलं असेल असं वाटत नाही. येणारे-जाणारे विचारत, देवाची पालखी येणार काय. मी म्हणायचो, त्याहून मोठी.

सोमवार ठरला. काकीने कासाराला बोलावून दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरून घेतल्या, आमच्याकडे काकणं म्हणतात, मनगटापासून चांगल्या वर वर. मी म्हटलं, "काकी, कोणाचा लगीन आसा?" तर म्हणाली, "आयेक दिसणा नाय, बाबा. ती हात चाचपतली. काकणां भरलेली लागली की तिका कळतला, चेडवाचा बरा चल्ला हा." मी पुढे काही नक्कल केली नाही. सुचली होती, पण केली नाही.

सोमवारी सकाळी आमचं खळं, म्हणजे घरापुढचं अंगण, भरलं. मोटार गोठ्यातून खरोखरच कुठेतरी जाणार, हे बघायला अर्धी वाडी आलेली. जनाबाय टोपली घेऊन आलेली. तातू घाडी बैलांना पाणी पाजायचं सोडून आलेला. भाऊंनी मोटार पहाटेपासून तीनदा पुसली होती. तिच्यात आभाळ, माड, कावळे आणि जनाबायचे दात सगळं स्पष्ट दिसत होतं. काकी घरातून निघाली. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, हातात आयेसाठी खापरोळ्यांचा डबा. काठी टेकत, गुडघा सांभाळत ती पायऱ्या उतरली, मोटारीपाशी आली आणि दाराच्या मुठीला हात घातला. बांगड्या किणकिणल्या.

"थांब!" भाऊ ओरडले. "दाराक चरो पडात. काकणां काढ आधी. थंय गेलंस की घाल."

कावळेसुद्धा गप्प झाले असं लिहिणार होतो, पण कावळे आमच्याकडे कशालाही गप्प होत नाहीत. माणसं मात्र झाली. बाईच्या हातातली काकणं कधी उतरतात, हे खळ्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. फुटलं तरी "फुटलं" म्हणत नाहीत आमच्याकडे, "वाढलं" म्हणतात. आणि इथे घरधन्याने, सकाळच्या प्रहरी, चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने सांगितलं, काढ. एका दारासाठी. भाऊंना ते कळलं शब्द सुटल्यानंतर. त्यांचा ओठ, तो पुढे आलेला, पहिल्यांदाच मागे गेलेला मी बघितला. पण माघार कशी घ्यायची ते शेटकडे शिकवलेलं नव्हतं. ते फडक्याने दाराची मूठ पुसायला लागले. सरळ.

काकीने हात काढून घेतला. मागे फिरली आणि पडवीच्या खालच्या पायरीवर बसली, डबा मांडीवर, पाय पुढे पसरून. तिच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता ही मसुऱ्याला जात नाही. आज नाही, उद्या नाही. आणि ती म्हातारी उद्या सकाळी पुन्हा विचारणार.

मग माझ्या तोंडातून आवाज निघाला तो माझा नव्हता. तातू घाड्याचा होता. मी मोटारीसमोर उभा राहिलो, हात जोडले, बेंबीपासून हवा ओढली आणि नाकात सोडली.

"बा देवा म्हाराजा! बारा गावच्या, बारा वाटेच्या आणि एका गोठ्याच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" खळं म्हणालं. विचार करून नव्हे. जांभई यावी तसं.

"आज ह्या तुझ्या लेकराच्या तोंडातसून एक वायट शब्द भायर पडलो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आपण जितो आसताना आपल्याच बायलेक काकणां काढूक सांगल्यान, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हे जरा मोठं आलं. जनाबायचा आवाज सगळ्यांच्या वर.

"त्येच्या मनात तसा काय नव्हता. त्येच्या मनात निस्तो रंग होतो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर त्या शब्दाची जी काय इडापिडा आसात, ती धन्याच्या जीवार येव नये, काकीच्या कुकवार येव नये, ती ह्या काळ्या पत्र्यान आपल्या आंगार घेवची, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आणि मग सगळ्यांना एकदम कळलं की आपण काय म्हणून बसलो. भाऊ माझ्याकडे वळले तेव्हा त्यांचा हात वर होता, फडक्यासकट. पण त्यांनी मला मारलं नाही. ते तातूकडे बघत होते. भाऊ मोटारीपुढे माणसाला मानत नसत, पण गाऱ्हाण्याला मानत. कोणाच्याही.

"तातू," ते म्हणाले, "पोरान घातलेला गाऱ्हाणा. ह्या धरूचा नाय मा?"

तातूचा चेहरा बघण्यासारखा झालेला. आपली नक्कल झाली म्हणून रागवावं, की आपला आवाज इतका चालतो म्हणून खूश व्हावं, हे त्याचं ठरेना. शेवटी त्याने घसा साफ केला आणि माझ्याहून वाईट तातूच्या आवाजात बोलला. "घातला पोरान. पण व्हय म्हटला गावान. आता ता परत फिराचा नाय, भाऊनु."

"मगे?"

"पत्र्यान आंगार घेतल्याची खूण व्हयी."

भाऊंनी मोटारीकडे बघितलं. मी आयुष्यात कितीतरी माणसं स्मशानात बघितली, पण प्रेताकडे असं बघणारं कोणी बघितलं नाही. मग त्यांनी हातातलं फडकं खाली सोडलं. मातीत पडू दिलं. आणि काकीसमोरून बाजूला झाले.

काकी उठली. काठी तिने पायरीला टेकवून ठेवली, लंगडत मोटारीपाशी आली, डावा हात पुढच्या चाकावरच्या गोल भागावर आडवा ठेवला आणि मागच्या दारापर्यंत ओढत नेला. घाई नाही, राग नाही. भिंतीला हात धरून चालावं तशी. आवाज झाला तो मी नक्कल करायचा पुष्कळ प्रयत्न केला, जमला नाही कधी. पाटीवर खडू कर्रकन ओढावा, त्यात एखाद्या मांजराची भर घाला, आणि खाली भाऊंचा श्वास. काळ्यावर पांढुरकी ओळ उमटत गेली, मग तिच्याशेजारी दुसरी, तिसरी, जितकी काकणं तितक्या. एकही काकण वाढलं नाही. मागच्या दाराशी पोचल्यावर तिने ते उघडलं, आत बसली, डबा मांडीवर घेतला आणि म्हणाली, "चला. आये वाट बघता."

मला कोणी बस म्हटलं नव्हतं. मी पुढे जाऊन बसलो, कारण खळ्यात राहिलो असतो तर तातूने धरलं असतं. भाऊंनी मोटार काढली. एका वळणावर माझ्या कोयत्यातून सुटलेली एक जाळी होती, ती भाऊंच्या बाजूने खर्रकन घासत गेली. त्यांनी वेगही कमी केला नाही. मी आरशात काकीकडे बघितलं, म्हटलं ही हसत असेल. ती बाहेर बघत होती.

आये बाजेवर होती, चिंध्यांच्या गाठोड्याएवढी. काकी बाजूला बसली, तशी म्हातारीने आधी काही विचारलंच नाही, हातच शोधला. मनगट धरलं, बोटं वर नेली, पुन्हा खाली आणली, पुन्हा वर. तासभर चाललंय असं वाटलं मला.

"हिरवी?"

"हिरवीच गो आये."

"भरलेली आसत." मग दाराकडे तोंड करून म्हणाली, "जावय इले काय? तेंका बसाक पाट दिया. चाय दिया. चेडवाक अशी भरल्या हातान घेवन इले, तेंचा देव बरा करतलो."

भाऊ उंबऱ्यात उभे होते. पाट आणला, चहा आणला. त्यांनी तो उभ्याने आणि इतका गरम प्यायला, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते चहाचंच होतं असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो.

दुपारी काकीने मला परसात हाक मारली. न्हाणीच्या मागे, जिथे घरातलं कोणी ऐकणार नाही तिथे. मी ओठ पुसत गेलो. मला वाटलं, डब्यातली एक खापरोळी राखून ठेवलेली असणार. पाठीवर हात फिरवणार, म्हणणार, गजा, तुझ्यामुळे आये भेटली. मी तर उत्तरही तयार ठेवलं होतं, तातूच्या आवाजात.

तिने माझा कान धरला. धरला म्हणजे पिळला, भरल्या हाताने, काकणं माझ्या गालावर वाजत होती.

"शाणो झालंस? देवाचा गाऱ्हाणा काय तुझ्या बापाशीची पेटी, व्हयी तेवा वाजवूक?"

"काकी, पण तू जावक नसतंस—"

"गप! मी बसलंय ती काय रडाक बसलंय? पंचवीस वर्सां तेंच्याबरोबर काढलंय मी. मी बसतंय तेवा किती वेळान ते पायरीपाशी येतत ता माका म्हायत आसा. इले आसते. आपल्या पायान इले आसते, आपल्या तोंडान म्हटले आसते, चल. थोडो वेळ थांबाक काय झाला तुका? तू तेंका येवक दिलंस नाय. अख्ख्या वाडयेसमोर ओढून हाडलंस, बैलासारखे."

"चरो तर तूच मारलंस मा?"

त्यावर कान आणखी अर्धं वळण फिरला. "मारलंय! मगे काय करतलंय? गाव व्हय म्हणान बसलो! आता उद्या बावीर, बाजारात, देवळात, सगळीकडे तेंची नक्कल. जनाबाय तर टोपली उतरून खळ्यात करून दाखयतली. आणि ते रोज ती वळ बघतले आणि धुतले. एका शेटान रस्त्यार मारल्यान, आता तू खळ्यात मारलंस." तिचा आवाज मध्येच चिरकला, तो तिने पदराने पुसून सरळ केला. "घरात तू किती नकला केलंस तेंच्यो, मी कधी काय म्हटलंय? हसलंय. पोट धरून हसलंय. कित्याक? माझो घोव तो. तेका मी हसान, मी रडयन, मी उपाशी ठेवीन. गावात वाटूक तो काय देवाचो प्रसाद आसा?"